हेलियम, विजयदुर्ग आणि अणूचे अंतरंग

ऑगस्ट महिना जवळ आला की आखातात येऊन राहिलेल्या आपल्या कोकणी मंडळींत एक अभिमानाची गोष्ट हटकून निघते. हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाने तेथे दुर्बीण उभारून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यावर त्याला हा नवा वायू सापडला, अशी ती गोष्ट आहे. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ओळखले जाणारे चौथरे आहेत. त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. देवगड-विजयदुर्गाकडचा माणूस ही कथा सांगू लागला म्हणजे त्याच्या मुद्रेवर जे तेज दिसते, ते मालवून टाकावे असे कोणासही वाटणार नाही. परंतु ज्या शास्त्राचा हा अभिमान आहे ते शास्त्रच पुराव्यावाचून काही मानू नये असे सांगते. तेव्हा या कथेत खरे किती आहे, आणि जे खरे आहे त्याचे मोल कोणते, हे पाहणे प्राप्त आहे.

त्यासाठी आधी एक प्रश्न सोडविला पाहिजे. नऊ कोटी तीस लक्ष मैलांवरील सूर्यात अमुक एक वायू आहे हे पृथ्वीवर बसून कोणी कसे ओळखावे? ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली असे लिहून ठेवले होते की, ताऱ्यांची अंतरे व गती आपण मोजू, पण त्यांची रासायनिक घडण मनुष्यास कधीही कळावयाची नाही. कोंत हा काही सामान्य बुद्धीचा पुरुष नव्हता. त्याचे विधान पंचवीस वर्षेही टिकले नाही, याचे कारण मात्र त्याच्या काळीच लोकांच्या डोळ्यांसमोर होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जबल अलीला जे मंदिर खुले झाले, तेथील निरांजनाच्या ज्योतीचेच उदाहरण घेऊ. ज्योत पिवळी दिसते. पण तिचा प्रकाश काचेच्या त्रिकोणी लोलकातून नेला तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंगांचा अखंड पट्टा उमटतो. कारण त्या ज्योतीत काजळीचे असंख्य घन कण तापून प्रकाशत असतात. भट्टीतील वितळलेली धातू घेतली तरी तोच प्रकार. तप्त घन अथवा द्रव पदार्थ कोणताही असो, त्याचा वर्णपट अखंड असतो, आणि त्यावरून पदार्थ कोणता हे सांगता येत नाही. आता स्वयंपाकघरातील गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकावे. ज्योत एकदम पिवळी होते. हा पिवळेपणा निरांजनाच्या पिवळेपणाहून अगदी वेगळा आहे. लोलकातून पाहिले असता येथे पट्टा नाहीच. काळोखात फक्त एक पिवळी रेषा, आणि उपकरण चांगले असेल तर अगदी लगत असलेल्या दोन रेषा दिसतात. त्यांच्या तरंगलांब्या ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम आहेत. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) मिठातील सोडियम वायुरूप होऊन प्रकाशला की या दोन रेषा यावयाच्याच, मीठ खेवड्याच्या खाणीतील असो की शिरोड्याच्या मिठागरातील असो. दिवाळीच्या दारूकामातील तांबडा रंग स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, हीही त्याच नियमाची उदाहरणे होत.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खहोफ या दोघांनी १८५९ साली या गोष्टीला शास्त्राचे रूप दिले. प्रत्येक मूलद्रव्याचा वायू आपल्या ठराविक रेषांचाच प्रकाश देतो, आणि मागून येणाऱ्या अखंड प्रकाशातून त्याच रेषा शोषूनही घेतो. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफर याने १८१४ साली ज्या शेकडो काळ्या रेषा पाहिल्या होत्या आणि ज्यांना अ, ब, क, ड अशा धर्तीवर रोमन अक्षरांची नावे दिली होती, त्या म्हणजे सूर्याच्या बाह्य थरातील वायूंनी केलेली ही शोषणेच होत. त्यांपैकी ‘डी’ नावाची जोडरेषा सोडियमच्या पिवळ्या जोडीशी तंतोतंत जुळते. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे. कोंतचा निकाल येथे लागला. या दोघांनी पुढच्या दोन वर्षांत सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये केवळ अपरिचित रेषांवरून शोधून काढली.

या नव्या साधनाची मोठी कसोटी म्हणजे १८६८ चे ग्रहण. त्याचा खग्रास पट्टा अरबस्तानाच्या टोकावरील एडनकडून येऊन दक्षिण हिंदुस्थान ओलांडून गेला. सूर्यबिंब झाकले गेले की कडेला ज्या तांबड्या ज्वाला दिसतात, त्या घन आहेत, ढग आहेत की वायू, याचा निर्णय करावयाचा होता. फ्रान्सचे झाँसेन आणि मेजर टेनंट गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल हे आपल्या पटवर्धन संस्थानिकांच्या जमखिंडीस तळ देऊन बसले. हे हर्शेल म्हणजे युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. श्रावणाचे दिवस, जमखिंडीला ढगांनी बराच खेळ केला. तरी फटीतून हर्शेलना ज्वालेच्या वर्णपटात तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी-पिवळी आणि निळी. अखंड पट्टा नव्हता. ज्वाला वायूच्याच आहेत हे ठरले. तांबडी व निळी या हायड्रोजनच्या रेषा होत्या. राहिली पिवळी. बहुतेकांनी ती सोडियमची ‘डी’ रेषाच समजली. पॉगसन यांनी ती ‘डी’पाशी किंवा तिच्या जवळ अशी नोंदली. आपल्या कथेतील हेलियम तो हाच. त्या दिवशी तो अनेकांना दिसला, पण ओळखला कोणीच नाही.

आणि लॉकयर? लॉकयर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच. लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करून फावल्या वेळात आकाश पाहणारे हे गृहस्थ इंग्लंडातच होते. ग्रहणावाचूनही सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या रेषा पाहता आल्या पाहिजेत, अशी त्यांची कल्पना होती. नवे वर्णपटदर्शक हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना त्या दिसल्या. झाँसेन यांनी तीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशीच, १९ ऑगस्टला गुंटूर येथे सिद्ध केली होती. योगायोग असा की, दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. आता ग्रहणाची घाई उरली नव्हती. रोज सवडीने मोजमाप करता करता लॉकयर यांच्या लक्षात आले की, ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडीवर बसत नाही. ती ५८७६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे चौदा-पंधरा अँगस्ट्रॉमने बाजूला आहे. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत पुष्कळ खटपट केली. पृथ्वीवरील कोणताही वायू ती रेषा देईना. सूर्याच्या ‘हेलिऑस’ या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव तेव्हा आले. लॉकयर यांना ती धातू वाटली असावी, कारण नावाचा शेवट धातूंच्या नावासारखा आहे. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन या त्याच्या भावंडांची नावे तशी नाहीत.

मग विजयदुर्गचे ओटे? ते निराधार नाहीत. लॉकयर विजयदुर्गास आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. लॉकयर, कॅप्टन चिझम-बॅटन आणि प्राध्यापक पेडलर यांनी विजयदुर्गच्या वेधांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आहे. ‘मेल्पोमीनी’ ही इंग्रज आरमाराची नौका त्यांच्या दिमतीस होती, आणि तिच्या खलाशांना तालीम देऊन वेधाच्या कामास जुंपण्यात आले होते. १७५६ साली ज्या खाडीत वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांची गलबते जाळली, त्याच ठिकाणी दीडशे वर्षांच्या आत इंग्रज खलाशी छायाचित्रांच्या काचा बदलत उभे राहावेत, हा इतिहासाचा एक चमत्कारिक खेळ. तारखांचा विचार केला तरी १८९८ चे पारडे जड होते: जानेवारीतले कोकणचे आकाश निरभ्र असते, आणि श्रावणात विजयदुर्गास दुर्बीण रोखून सूर्याची वाट पाहण्याचे धाडस कोकणचा पाऊस ठाऊक असलेला मनुष्य करावयाचा नाही. दोन ग्रहणे लोकांच्या स्मृतीत एकमेकांत मिसळली, साहेब तोच राहिला आणि तारीख मागे सरकली, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, मग विजयदुर्गच्या वाट्याला उरले काय? १८९५ च्या मार्चमध्येच विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली होती, आणि पिवळी रेषा अचूक जागी मिळून हेलियम पृथ्वीवर सापडला होता. तेव्हा १८९८ ला हेलियम नवा राहिला नव्हता हे खरे. पण त्या हिवाळ्यात, पुण्यामुंबईत प्लेगने थैमान घातलेले असताना, महाराष्ट्राच्या भूमीवर जो वेध-सोहळा झाला त्याचे महत्त्व हेलियमच्या नावनिशीहून कमी नाही. पट्टा विजयदुर्गापासून ईशान्येस गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. वऱ्हाडात तळणीला माँडर दांपत्य व जॉन एव्हरशेड. अशी मांदियाळी जमली होती. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत उतरविलेल्या काचांनी पुढे अणुविज्ञानाला जी सामग्री पुरविली, ती समजण्यासाठी आपल्याला ग्रहण सोडून प्रयोगशाळेत शिरले पाहिजे.

रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते, इतके १८५९ पासून ठाऊक होते. पण रेषा तेथेच का? याचे उत्तर चाळीस-पन्नास वर्षे कोणाजवळ नव्हते. घरातील माणूस पावलांच्या आवाजावरून ओळखावा, पण पाऊल म्हणजे काय हे माहीत नसावे, तशी ती स्थिती. पहिला धागा १८८५ साली सापडला, तोही एका शाळामास्तराला. स्वित्झर्लंडातील बाझेल गावी मुलींच्या शाळेत गणित शिकविणाऱ्या बामर यांनी साठाव्या वर्षी हायड्रोजनच्या चार दृश्य रेषांचे आकडे घेऊन बसून असे दाखविले की, ३६४५.६ या एका संख्येला अनुक्रमे नऊ-पंचमांश, चार-तृतीयांश, पंचवीस-एकविसांश आणि नऊ-अष्टमांश यांनी गुणले की चारही तरंगलांब्या मिळतात. वाचकांनी गुणाकार करून पाहावा. ६५६२, ४८६१, ४३४०, ४१०१ असे आकडे येतील, आणि तेच मोजमापातही येतात. या अपूर्णांकांमागे ३, ४, ५, ६ या पूर्णांकांचे वर्ग दडलेले आहेत. निसर्गाने येथे पूर्णांक का वापरावेत, हे बामर यांना सांगता आले नाही.

दुसरा धागा हेलियमनेच पुरविला. रेडियमसारख्या द्रव्यातून जे अल्फा कण सुटतात ते काय असावेत? मँचेस्टर येथे रदरफोर्ड व रॉइड्स यांनी मिलिमीटरच्या शतांशाहूनही पातळ भिंतीच्या काचेच्या नळीत रेडियमपासून निघणारा वायू कोंडला. अल्फा कण ती भिंत भेदून बाहेरच्या निर्वात नळीत जमत. त्या बाहेरच्या नळीतून वीज सोडून वर्णपट पाहावयाचा. दोन दिवसांनी पिवळी रेषा दिसू लागली. सहा दिवसांत हेलियमचा सारा वर्णपट स्पष्ट झाला. १९०९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत देखणा वाटतो: जमखिंडीस ढगांच्या फटीतून दिसलेली रेषा येथे एका बंद नळीत, मोजूनमापून, माणसाच्या हाताने जन्माला घातलेली आहे. पृथ्वीच्या पोटातील हेलियम असाच, युरेनियम-थोरियमच्या अल्फा कणांतून, कोट्यवधी वर्षांत तयार झाला व नैसर्गिक वायूच्या साठ्यांत अडकून राहिला. कतारमध्ये तो वायूपासून वेगळा काढतात. उणे २६९ अंशांवर द्रवरूप केलेल्या या हेलियमच्या टाक्या २०१७ च्या जूनपर्यंत सौदी अरेबियाच्या रस्त्याने आपल्या जबल अलीला येत आणि येथून जहाजांवर चढत. त्या वर्षी कतारची नाकेबंदी झाली, आणि कतारने तो स्वतःच्या बंदरातून पाठविण्यास प्रारंभ केला. येथील बंदरात नोकरी करणाऱ्या किती जणांच्या नजरेखालून या टाक्या गेल्या असतील!

अल्फा कण म्हणजे विद्युद्भारित हेलियमच, हे ठरल्यावर त्याच कणांचा मारा सोन्याच्या पातळ वर्खावर करून रदरफोर्ड यांनी १९११ साली अणूचे चित्र काढले: मध्यभागी अतिसूक्ष्म, जड असा अणुगर्भ, आणि भोवती दूर इलेक्ट्रॉन. पण जुन्या नियमांप्रमाणे असा फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश देत देत क्षणार्धात गर्भात कोसळावा. जग तर उभे आहे! १९१३ साली कोपनहेगनच्या नील्स बोर यांनी हा पेच बामरच्या पूर्णांकांनी सोडविला. इलेक्ट्रॉनला वाटेल त्या उंचीवर राहण्याची मुभा नाही. गडाच्या पायऱ्यांप्रमाणे ठराविक पातळ्यांवरच त्याला थांबता येते. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर तो आला की दोहोंमधील उंचीएवढी ऊर्जा प्रकाशाच्या एका पुंजाच्या रूपाने बाहेर पडते, आणि ऊर्जा ठरली की रंग ठरला. हायड्रोजनचा जिना विचित्र आहे. वर जावे तसतशा पायऱ्या बुटक्या होत जातात. पहिलीपासून दुसरी १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच, दुसरीपासून तिसरी १.८९, तिसरीपासून चौथी अवघी ०.६६. तिसरीवरून दुसरीवर उडी पडली की तांबडी रेषा. चौथीवरून दुसरीवर पडली की निळी. हर्शेलनी जमखिंडीला पाहिलेल्या रेषांपैकी दोहोंचा अर्थ अशा रीतीने पंचेचाळीस वर्षांनी लागला. जिना जेथे संपतो, त्याच्या पलीकडे इलेक्ट्रॉन मोकळा असतो. असा मोकळा इलेक्ट्रॉन कोणत्याही उंचीवरून दुसऱ्या पायरीवर येऊ शकतो, म्हणून बामरच्या ३६४६ या सीमेपलीकडे रेषांऐवजी अखंड उजेड दिसावयास हवा. तसा उजेड १८९८ साली तळणीला एव्हरशेड यांच्या ग्रहणचित्रांत उतरलेला होता. पुरावा आधी आला होता, सिद्धांत मागाहून आला.

आणि आता विजयदुर्गकडे वळू. १८९८ च्या त्या मोहिमेत लॉकयर यांचे सहाय्यक आल्फ्रेड फाउलर होते. पुढे ते वर्णपटांच्या मोजमापात इंग्लंडातील अग्रगण्य तज्ज्ञ झाले. १९१२ साली त्यांना हेलियम व हायड्रोजन यांच्या मिश्रणात काही नव्या रेषा मिळाल्या, आणि त्या हायड्रोजनच्याच आहेत असे त्यांचे मत झाले. बोर म्हणाले, नाही. या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. अशा हेलियमचा गर्भ दुप्पट भाराचा, म्हणून त्याचा जिना हायड्रोजनच्या चौपट उंच. फाउलर यांनी आक्षेप घेतला: माझ्या मोजणीत गुणोत्तर ४ येत नाही, ४.००१६ येते. इतका फरक मोजणीची चूक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आक्षेप चोख होता. बोर यांनी उत्तर दिले की, गर्भ स्थिर आहे असे मी धरले होते. पण इलेक्ट्रॉनच्या ओढीने गर्भही किंचित हलतो, आणि हायड्रोजनचा हलका गर्भ हेलियमच्या जड गर्भापेक्षा अधिक हलतो. तो हिशेब धरला तर गुणोत्तर ४.००१६३ येते. दशांशचिन्हापुढील चौथ्या स्थानापर्यंत सिद्धांत आणि मोजमाप जुळले, आणि बोर यांच्या अणूकडे साशंकतेने पाहणारे विचारात पडले. विजयदुर्गास काचा भरणाऱ्या मनुष्याच्या काटेकोरपणामुळे हे घडले, ही गोष्ट ओट्यांपाशी सांगण्याजोगी आहे.

फाउलर यांचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. प्रयोगशाळेत ठिणगीच्या प्रखर उष्णतेत काही रेषा बळावतात आणि तशाच रेषा ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवर क्षणभर चमकतात, हे लॉकयर यांनी दाखविले होते. अतितापाने मूलद्रव्येच फुटतात असा त्यांचा तर्क होता व तो कोणी फारसा मानला नाही. १९२० साली कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनी त्याचा उलगडा केला. मूलद्रव्य फुटत नाही. त्याचा अणू एखादा इलेक्ट्रॉन गमावतो, आणि उरलेल्या अणूचा जिना निराळा असल्याने रेषा निराळ्या येतात. किती अणू असे होतील हे तापमान व दाब यांवरून गणिताने काढता येते. त्यानंतर साहा लंडनला जे काही महिने राहिले, ते फाउलर यांच्याच प्रयोगशाळेत.

रेषांच्या आधारे नवी मूलद्रव्ये जाहीर करण्याची त्या काळी एक साथच आली होती. हेलियम खरा ठरला, पण त्याच्या मागून आलेले दोघे तोतये निघाले. सूर्याच्या प्रभामंडलातील हिरवी रेषा ‘कोरोनियम’ची मानली गेली, आणि मृगनक्षत्रातील तेजोमेघाची हिरवी रेषा ‘नेब्युलियम’ची. या दुसऱ्या रेषेसंबंधी लॉकयर यांचे म्हणणे असे होते की, ती मॅग्नेशियमच्या धूसर पट्टीचा अंश आहे. पुण्याच्या नायगमवालांनी १८९१ साली लंडनच्या ज्योतिष संस्थेकडे धाडलेल्या वेधात ती रेषा सर्व स्थितींत तीक्ष्णच दिसते असे दाखवून त्या मताच्या विरुद्ध साक्ष दिली. साम्राज्याच्या राजधानीतील एवढ्या मोठ्या नावाविरुद्ध पुण्याच्या कॉलेजातील अध्यापकाने केवळ आपल्या वेधाच्या बळावर उभे राहावे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही हे कळत नाही. त्यांची वेधशाळा १९१२ साली बंद पडून वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती रेषा कोणाची, हे १९२७ साली बोवेन यांनी सांगितले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या प्राणवायूची. कोरोनियमच्या रेषेची जागा तर १८९८ पर्यंत चुकीचीच धरली जात असे. त्या ग्रहणाच्या चित्रांवरून, कँपबेल यांच्या जेऊरच्या काचांसह, ती ५३०३ वर आहे हे निश्चित झाले. जागा अचूक कळल्याखेरीज ओळख पटणे अशक्य होते. १९४० नंतर स्वीडनच्या एडलेन यांनी ती पटविली: सव्वीसपैकी तेरा, म्हणजे बरोबर निम्मे इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड! लोखंडाची अशी दशा व्हावयास दहा लक्ष अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे सूर्याचे प्रभामंडल त्याच्या सहा हजार अंशांच्या पृष्ठभागाहून कितीतरी पट तप्त आहे. ते तसे का, यावर शास्त्रज्ञ अजून काम करीत आहेत.

एवढे सर्व झाले, पण ज्या पिवळ्या रेषेपासून आपण निघालो ती? गंमत अशी की, बोर यांच्या जिन्याने एक इलेक्ट्रॉनवाला हेलियम उलगडला, पण दोन इलेक्ट्रॉनांचा पुरा हेलियम त्याला दाद देईना. त्याच्या रेषांची दोन घराणी होती, आणि एका घराण्यातून दुसऱ्यात उडी जवळजवळ पडतच नसे. हे दोन वेगळे वायू आहेत की काय, अशी शंका १८९५ सालीच घेतली गेली होती. १९२६ साली हायझेनबर्ग यांनी नव्या पुंजयांत्रिकीने उत्तर दिले. दोन्ही इलेक्ट्रॉन इतके एकसारखे आहेत की हा अमका आणि तो तमका असे म्हणताच येत नाही, आणि या अभेदातूनच, त्यांच्या फिरकीच्या दिशा समान की विरुद्ध यानुसार, पायऱ्यांचे दोन संच पडतात. लॉकयर यांची पिवळी रेषा समान फिरकीच्या घराण्यातली, तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येणाऱ्या उडीची. आणि बारकाईने पाहिले तर तीही एक नसून अगदी खेटून असलेल्या रेषांचा पुंजका आहे. जमखिंडी व गुंटूरच्या दर्शनापासून तिचा अर्थ लागण्यास अठ्ठावन्न वर्षे लागली.

घरी हे पडताळून पाहावयाचे असेल तर लोलकाचीही गरज नाही. जुनी गाण्यांची सीडी घ्यावी. तिच्यावर दर मिलिमीटरला सहाशेहून अधिक सूक्ष्म रेघा असतात व त्या प्रकाशाचे रंग विलग करतात. काळोख्या खोलीत निरांजनाचे प्रतिबिंब तीत तिरपे पाहावे, म्हणजे सर्व रंग पसरलेले दिसतील. मग गॅसच्या ज्योतीत मीठ टाकून तसेच पाहावे. रंगांचा पसारा जवळजवळ नाहीसा होऊन ज्योतीची एक पिवळी प्रतिमा उरेल. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची हिरवी व निळी प्रतिमा सुटी दिसते. मुलांना हे दाखवावे, पण ज्योत मोठ्या माणसानेच सांभाळावी, आणि सूर्याकडे किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाकडे सीडीतून पाहू देऊ नये.